बेचाळीस झाडांची मालकीण

पावती हातात घेऊन डॉक्टर इतका वेळ वाचत बसले की मागच्या गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. पेट्रोल भरता येणं हाही ड्रायव्हिंगचाच भाग, असं गाडी शिकवणाऱ्या बाईंचं मत होतं, म्हणून सातव्या दिवशी त्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पंपावर आणत. टाकीचं झाकण ज्या बाजूला त्या बाजूने गाडी लावायची, इंजिन बंद करायचं, मशीनवरचा आकडा शून्यावर आहे ना ते बघायचं आणि काम झालं की मुकाट्याने निघायचं. पावतीचं वाचन त्यात कुठेच नव्हतं. पण हे विद्यार्थी दातांचे डॉक्टर होते, वय वर्षं त्रेपन्न, आणि जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावण्याची सवय असल्यामुळे कुठलीही बारीक गोष्ट त्यांना जवळ धरून नीट बघावीशी वाटे. "बाई, हे खाली हिरवं पान कसलं हो छापलंय?" त्यांनी विचारलं. "ते आमच्या झाडांचं," बाई म्हणाल्या, आणि आपण ‘आमच्या’ म्हणालो याचा त्यांना नेहमीसारखाच आनंद झाला. "लिटरमागे थोडं जास्त द्यायचं. मग आपल्या गाडीने जेवढा धूर सोडला तेवढा ओढून घेतील इतकी झाडं ते लोक सांभाळतात. कार्बन भरपाई म्हणतात त्याला. माझी बेचाळीस झालीत." "वा!" डॉक्टर म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली, गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली, त्यांनी परत फिरवली आणि आरशात न बघताच पुढे निघता निघता विचारलं, "पण मग ती झाडं मोठी होईपर्यंत आपला धूर थांबतो कुठे?"

बाईंनी ब्रेक दाबला. शेजारच्या सीटच्या पायाशी त्यांचा स्वतःचा ब्रेक होता, स्वतःचा क्लच होता, आणि ही दोन पावलांची जागा म्हणजे त्यांचं राज्य होतं. आरशात न बघितल्याबद्दल दाबला, असं त्यांनी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं, मागून एक टेम्पो सुसाट येत होता. पण पाय आधी हलला आणि टेम्पो नंतर दिसला, हे त्यांचं त्यांना माहीत. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांचा पाय कधी उगाच हलत नसे. नवरा म्हणायचा, तुझा मेंदू डोक्यात नाहीच, तो उजव्या पायाच्या अंगठ्यात आहे, आणि बाई हे कौतुक म्हणून घ्यायच्या. आज त्या अंगठ्याला काय झालं? धूर कुठे थांबतो म्हणे. हा काय प्रश्न झाला? डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर गालाला रुमाल लावून लोक बसतात, तसा आपला धूर कुठेतरी नंबर लागायची वाट बघत बसला असेल आणि आत झाड अजून वीतभरच असेल, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना हसू फुटलं. पण हसता हसता त्यांनी मान वळवून मागे बघितलं. कारण आज बारा वाजता लेक येणार होती, आणि मागच्या सीटवर, पारदर्शक फाइलमध्ये, बेचाळीस झाडांचं प्रमाणपत्र होतं, आणि ते प्रमाणपत्र दाखवून बाई आज लेकीला, चार वर्षांनी, आपल्या गाडीत बसवणार होत्या.

चार वर्षं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला निदान शेवट असतो. लेक जंगलातली झाडं मोजायची, हीच तिची नोकरी होती. छातीइतक्या उंचीवर खोडाभोवती टेप गुंडाळायचा, घेर लिहायचा, पुढच्या झाडाकडे जायचं, आणि दोन वर्षांनी परत येऊन त्याच झाडांभोवती तोच टेप गुंडाळायचा. पहिल्याच मोहिमेवरून ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं होतं. एक आख्खा डोंगर वाळलेला बघून आलेय, एवढंच तिने सांगितलं. बाई तिला आणायला स्टेशनवर गेल्या होत्या, दार उघडून धरलं होतं, आणि लेकीने सामान मागच्या सीटवर ठेवलं, दार हळूच लावलं आणि म्हणाली, "आई, मी चालत येते." बस्स. ना आवाज चढला, ना भाषण झालं. बाईंना कळेचना. मग त्या गाडीत बसल्या आणि काच खाली करून पहिल्या गिअरमध्ये तिच्या शेजारून चालल्या, तिच्या पावलाच्या वेगाने, आणि खिडकीतून विचारत राहिल्या, जेवलीस का, झोप मिळते का, पाय दुखतात का. मागे गाड्यांची ही रांग लागली. लोक हॉर्न वाजवत होते, एकाने तर खाली उतरून मोठ्याने विचारलं की बाई, ही वरात कुठे निघालीय. लेकीलाही हसू आलं होतं. पण ती बसली नाही. तेव्हापासून स्टेशनवरून घरी ती येई ती बसने येई, नाहीतर चालत, एकदा कुणाची तरी सायकल मागून, आणि घरात सगळं छान असे, हसणं-खिदळणं, वडिलांबरोबर शब्दकोडी, आणि तरी काहीतरी नसे.

काय नसे, ते बाईंना उशिरा कळलं. दोघींचं बोलणं नसे. या मुलीने जन्मात जे काही खरं सांगितलं होतं ते सगळं गाडीत सांगितलं होतं. गणितात नापास झाल्याचं तिसऱ्या सिग्नलवर. तो आता मला भेटत नाही, हे पुलाच्या चढावर, आणि मग संपूर्ण उतारभर मुसमुसून रडणं. मला लग्न नाही करायचं, निदान आत्ता नाही, हे एका ट्रकच्या मागे अडकलेलं असताना. बाईंनीही सांगितलं होतं. आजोबा गेले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता माझ्या पुढे कुणी नाही, हे त्यांनी नवऱ्याला नाही, लेकीला सांगितलं होतं, पाऊस नसतानाही वायपर चालू ठेवून. शेजारी शेजारी बसायचं, दोघींनी समोर बघायचं, हात कशात तरी गुंतलेले, आणि मग तोंड आपसूक मोकळं होतं. घरात टेबलापाशी समोरासमोर बसलं की डोळे मध्ये येत. लेकीचे डोळे नवऱ्यासारखे होते, सगळं बघणारे, आणि बाईंचे कसे होते ते बाईंना कसं ठाऊक असणार, पण विद्यार्थी म्हणत की बाई, तुम्ही आमच्याकडे नका बघू हो, तुम्ही बघितलं की आम्ही चुकतो. गाडी गेली आणि त्यांच्यातलं बोलणं गेलं. गाडी नसली म्हणून काय, आपली लेक तर तशीच आहे, असं स्वतःला समजावून झालं. उपयोग झाला नाही.

"उजवीकडचा इंडिकेटर," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी वायपर चालू केला. कोरड्या काचेवर तो करकरत फिरला. "हा नव्हे." "मग हा?" आता वरचा दिवा लागला. डॉक्टर स्वतःवरच खुश होऊन हसले. हे बाईंना त्यांच्याबद्दल फार आवडे. एरवी मोठ्या वयाचे लोक चुकले की गाडीला शिव्या देतात, रस्त्याला देतात, बाईंना मनातल्या मनात देतात. डॉक्टर चुकले की त्यांना करमणूक वाटे. "माझ्या खुर्चीत बसले की लोक असे का घाबरतात ते," ते म्हणाले, "आता मला कळलं. तोंड उघडा म्हटलं की त्यांचा हात वर जातो." मग पुन्हा गंभीर झाले. "बाई, तुमच्या झाडांवरून आठवलं. माझा एक पेशंट आहे. त्याला गोड सुटत नाही. मी म्हटलं, निदान दोनदा दात घासा. तर म्हणतो, डॉक्टर, मला वेळ नसतो, पण माझा मेहुणा दिवसातून चारदा घासतो. दोघांची सरासरी काढा." बाई खो खो हसल्या. डॉक्टरही हसले. गाडी भर चौकात बंद पडली आणि दोघं हसत बसले, आणि सिग्नलचा दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. मग बाईंचं हसू हळूहळू ओसरलं आणि त्यांना वाटलं, मेहुणा. माझी झाडं म्हणजे माझा मेहुणा.

खरं तर योजनेत नाव घातलं त्या दिवशी त्या नाचत घरी गेल्या होत्या. पंपावर हिरवं जाकीट घातलेली एक तरुणी उभी होती, तिने दोन मिनिटांत सगळं समजावलं आणि बाईंनी तीन मिनिटांत सही केली. मिनिटभर जो वेळ गेला तो पेन शोधण्यात. इतकं सोपं होतं तर आधी का नाही कुणी सांगितलं! संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, आता आपली गाडी म्हणजे सायकलच समज. तो शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाला, सायकलला पेट्रोल लागायला लागलं की काय. पण तोही पुढे रोज विचारू लागला, काय म्हणतात तुझी झाडं, आज पाणी मिळालं का त्यांना? बाईंना त्यांची खरोखरच माया जडली होती. कपडे वाळत घालताना जोराचा वारा आला की त्यांना वाटे, तिकडेही सुटला असेल. बेचाळीस हा आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही असा माणूस उरला नव्हता. कुठे आहेत, कशी आहेत, कुठल्या जातीची आहेत, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तोंड न बघता सोयरीक जुळवावी तसं झालं होतं ते. आणि का विचारावं? कागदावर सोनेरी अक्षरांत लिहिलंच होतं की आपल्या गाडीने यंदा हवेत सोडलेला सारा धूर भरून काढण्यात आला आहे. सारा. हा शब्द त्यांनी कितीदा वाचला असेल. लेकीला दाखवायचा तो हाच शब्द होता. बघ, सारा. आता बस.

डॉक्टरांना दवाखान्याच्या दारात सोडलं तेव्हा सव्वादहा झाले होते. "उद्या आरसा," बाई म्हणाल्या. "उद्या आरसा," डॉक्टरांनी शाळकरी पोरासारखं म्हटलं आणि पेशंटच्या रांगेसमोरून ऐटीत आत गेले, गाडी चालवून आलेला माणूस म्हणून. बाई उतरून चालकाच्या सीटवर आल्या. ही सीट त्यांच्या वाट्याला दिवसातून फार थोडा वेळ येई, दोन विद्यार्थ्यांच्या मधला वेळ, आणि तो त्यांना फार आवडे. सीट पुढे घ्यायची, आरसा आपल्या उंचीला आणायचा, आणि कुणालाही काहीही न सांगता जायचं. अलीकडे तर त्या नदीकाठच्या लांबच्या रस्त्याने जात. का बरं अलीकडे? हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्या किल्ली हातात धरून तशाच बसल्या. पूर्वी भाजीला त्या पिशवी घेऊन चालत जात, दहा मिनिटांचा रस्ता. वाण्याकडेही चालत. धाकट्या बहिणीकडे बसने. सगळं आठवतंय, घामाघूम होणं, बहिणीच्या दारात धापा टाकत उभं राहणं, ती म्हणे, अगं गाडी आहे ना तुझ्याकडे? तेव्हा त्या म्हणत, ती कामाची आहे. आणि मग पान आलं. पावतीवर हिरवं पान आलं आणि पिशवी गाडीच्या डिकीत गेली. हिशेब नको, बाईंनी मनातल्या मनात हात झटकले, हिशेब कोण करतंय, पण पाय सांगत होते. पोटऱ्या सांगत होत्या. दोन वर्षांत पोटऱ्या मऊ पडल्या होत्या. झाडं आहेत की, असं म्हणत म्हणत त्या पूर्वीपेक्षा जास्त गाडी चालवू लागल्या होत्या. लेकीने गाडी सोडली म्हणून झाडं घेतली, आणि झाडं घेतली म्हणून गाडी वाढली. बाईंनी कपाळाला हात लावला. आणि पुन्हा त्यांना हसू आलं, कारण दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं, आणि इथे फैलावर घ्यायला आरशात फक्त आपणच.

प्रमाणपत्राच्या तळाशी फोन नंबर होता. त्यांनी लावला. बराच वेळ वाद्यं वाजली, पक्षी किलबिलले, मग एक तरुण, उत्साही आवाज म्हणाला, "नमस्कार, हिरव्या प्रवासात आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू?" "माझी बेचाळीस झाडं आहेत तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "ती कुठे आहेत एवढंच विचारायचं होतं. भेटायला जावं म्हणते." पलीकडे बटणं टकटकली. "मॅडम, तुमची म्हणजे अशी वेगळी नाहीत. सगळ्या ग्राहकांचं मिळून एक जंगल आहे." "हरकत नाही. माझी कुठली ते मी बघून ओळखेन. कधी लावलीत?" "लावली नाहीत मॅडम. ती आधीपासूनच उभी आहेत. ती कुणी तोडू नयेत म्हणून आपण पैसे देतो." "अस्सं. कोण तोडणार होतं?" पलीकडे पुन्हा बटणं टकटकली. "सध्या तरी कुणी नाही मॅडम," आवाज हळूच म्हणाला. "पण तोडू शकलं असतं." बाई म्हणाल्या, "बाळा, मी आज सकाळी एका डॉक्टरांचा कान धरू शकले असते. धरला नाही. याबद्दल मला कुणी प्रमाणपत्र देईल का गं?" आणि ती मुलगी हसली. नोकरीतलं ठेवणीतलं हसू नव्हे, फसकन नाकातून आलेलं खरं हसू, आणि मग घाबरून म्हणाली, "मॅडम, हे रेकॉर्ड होतंय." "होऊ दे," बाई म्हणाल्या, "तुझ्या साहेबांना ऐकव. आणि माझं नाव काढ त्यातून." फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ रडल्या. फार नाही, नाक पुसण्याइतकंच. बेचाळीस म्हणजे काही कमी नव्हती. वारा सुटला की आता कुणाची काळजी करायची?

आणि तरी, ही गंमतच, त्यांना हलकं वाटत होतं. उलट वाटायला हवं होतं. हातातला एकुलता एक हुकमाचा पत्ता गेला होता, लेक दीड तासावर आली होती, आणि तिला गाडीत बसवायला बाईंकडे आता काहीही नव्हतं. पण इतके दिवस एक लहानशी लबाडी सोनेरी अक्षरांत गुंडाळून त्या मिरवत होत्या, ती खाली ठेवल्यावर खांदे जरा उतरले, हे खरं. रस्त्यावर ऊन छान पडलं होतं. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. दवाखान्याच्या वरच्या खिडकीतून डॉक्टरांचा आवाज येत होता, "आ करा, मोठ्ठा आ करा, आता आरशात बघा," आणि बाईंना वाटलं, चला, आरसा डोक्यात बसला. साडेअकराला आणखी एक शिकवणी होती, ती त्यांनी उद्यावर ढकलली. मग चालत जावं स्टेशनवर, असं ठरवलं. दार उघडून एक पाय बाहेरही टाकला. घड्याळात बघितलं, गावाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंतच्या रस्त्याचा अंदाज घेतला, मऊ पोटऱ्यांचा अंदाज घेतला. चालत गेलो तर लेक फलाटावर ताटकळणार, आणि ती आपली वाट बघत उभी आहे हे चित्र त्यांना सोसवेना. पाय परत आत घेतला. माणसाने एका दिवसात किती म्हणून सुधारायचं? गेल्या त्या गाडीनेच, पण नदीकाठच्या रस्त्याने नाही, सरळ रस्त्याने, आणि वाटेत नवऱ्याला फोन करून सांगितलं की झाडं गेली. "कुठे गेली?" त्याने विचारलं. "कुठेच नाही, आहेत तिथेच आहेत," बाई म्हणाल्या, "पण आपली नाहीत." तो म्हणाला, "मग मी आता रोज कुणाची चौकशी करू?" आणि त्या क्षणी बाईंना त्याच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की सिग्नल तोडता तोडता राहिल्या.

लेक आगगाडीतून उतरली ती उन्हाने रापलेली, केस कापलेले, खिशातून मोजायचा टेप लोंबत होता. ती नेहमी असाच टेप खिशात विसरून येते. बाईंनी तिला कवटाळलं आणि काय बोलायचं ते सगळं घोकलेलं पार विसरल्या. "मी झाडं विकत घेतली होती," त्या तिच्या खांद्यावर म्हणाल्या. "तू गाडीत बसावीस म्हणून. बेचाळीस. आज कळलं, ती कुणी तोडणारच नव्हतं." लेक मागे झाली. तिने आईच्या तोंडाकडे बघितलं, नीट बघितलं, तिला काहीतरी कळलं, आणि ती हसायला लागली, इतकी की तिला फलाटावरच्या बाकावर बसावं लागलं. "आई! हिरवं पान? पावतीवरचं?" "तुला माहीत आहे?" "माहीत आहे म्हणजे? मी मोजलंय ते जंगल. अगं, तिथे जायला रस्ताच नाही. सात तास चालत जावं लागतं. तिथे कोण कुऱ्हाड घेऊन जाणार?" आता दोघी हसत होत्या, आणि पोरगी डोळे पुसत होती. मग ती शांत झाली आणि म्हणाली, "पण सगळंच खोटं नसतं हं. दुसरा एक डोंगर आहे, तिथे खरंच करवती लागणार होत्या, यादी तयार होती. असे पैसे आले, दोन राखणदार नेमले, आणि ती झाडं वाचली. मी दर दोन वर्षांनी त्यांना टेप लावते. जाड होतायत." "म्हणजे मदत होते?" बाईंनी विचारलं, आणि आपण किती आशेने विचारलं हे त्यांना ऐकू आलं. लेकीने जरा विचार केला. ती उगाच काही बोलत नसे. "होते. कुठे होते, कुठे नाही होत. आणि जिथे होते तिथेही, आज सोडलेला धूर आज कुणी परत घेत नाही. तू भाजीला चालत गेलीस तर ती मदत त्याच दिवशी होते." "ते मी सोडलं होतं," बाई म्हणाल्या. "झाडांच्या जिवावर." "वाटलंच मला," लेक म्हणाली, आणि तिने आईच्या गालाला हात लावला.

मग ती उगाच टेप उलगडू आणि गुंडाळू लागली. बाईंना ते चिन्ह माहीत होतं, तिसऱ्या सिग्नलच्या आधी ती अशीच दप्तराचा बंद गुंडाळत असे. पण इथे समोरासमोर होत्या दोघी, आणि डोळे मध्ये येत होते. "काय झालं?" "काही नाही." "बरं." दुसऱ्या फलाटावर एक गाडी आली, गेली. "आई, रागावणार नसशील तर एक काम आहे तुझ्याकडे," लेक शेवटी जमिनीकडे बघत म्हणाली. "आमच्याकडचे जीपवाले काका रिटायर झाले. नवीन माणूस मिळत नाही. माझे मोजणीचे प्लॉट एकमेकांपासून साठ-साठ किलोमीटरवर आहेत, आणि बस आठवड्यातून एकदा. मोजायला नाही गेले तर त्या राखणदारांचे पैसे थांबतील, कारण मोजमाप नाही तर पैसे नाहीत. तर साहेब म्हणाले..." तिने टेप गच्च गुंडाळला. "मला गाडी शिकायचीय." बाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "चार वर्षं मी तुझ्या गाडीत बसले नाही," लेक घाईघाईने म्हणाली, "आणि आता कुठल्या तोंडाने विचारतेय, मला कळतंय, दुसऱ्या कुणाकडे शिकेन म्हटलं तर तेही..." "दुसऱ्या कुणाकडे?" बाई ताठ उभ्या राहिल्या. "खबरदार! या गावात अर्ध्या लोकांना मी शिकवलंय आणि माझी लेक दुसऱ्या कुणाकडे शिकणार? ऊठ!"

गाडी स्टेशनमागच्या पार्किंगमध्ये भिंतीला तोंड करून उभी होती. बाईंनी सवयीने शेजारचं दार उघडलं आणि आपल्या दोन पावलांच्या राज्यात जाऊन बसल्या. लेक दुसऱ्या दारापाशी घोटाळली. मग बसली. सीट पुढे घेतली, आरसा आपल्या उंचीला आणला, न सांगता आणला, आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. तिचे हात खरखरीत झाले होते, नखांत माती होती, आणि ते बाईंच्या चाकावर होते, आणि बाईंनी समोरचा कप्पा उघडून उगाच त्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं. लेकीने किल्लीला हात घातला. "थांब," बाई म्हणाल्या. सत्तावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला त्यांनी असं सांगितलं नव्हतं. त्यांची रीत उलटी होती, आधी इंजिन सुरू, आवाजाची भीती जाऊ दे, मग बाकीचं. पण आज त्यांनी किल्ली काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "आज बंद गाडीतच. आधी नुसती बस. क्लच कुठे आहे तो पायाला कळू दे."

लेक नुसती बसली. पाय क्लचवर दाबला, सोडला, दाबला. बाई समोर बघत होत्या. लेकही समोर बघत होती. "तिकडे सहा सहा दिवस मी कुणाशी बोलत नाही," लेक मध्येच म्हणाली. "मग झाडांशी बोलते. आणि माहितीय, तुझ्या आवाजात बोलते. घाई नको, मागे बघ, आता हळूच." "आणि ती ऐकतात?" "तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त ऐकत असतील." "ते मात्र खरं." लेकीने क्लच दाबून धरला. "आई, मला तिकडे कधी कधी फार भीती वाटते गं." "कशाची?" बाईंनी विचारलं, आणि मान वळवली नाही. आणि लेक सांगू लागली. गिअर पहिल्यात टाकत, दुसऱ्यात टाकत, परत मोकळा करत ती सांगत राहिली, चार वर्षांचं सगळं, वाळलेल्या डोंगराचं, रात्री तंबूवर पडणाऱ्या फांद्यांचं, एका राखणदाराच्या बायकोचं, जी तिला दर खेपेला म्हणायची की तुझ्या आईला एकदा घेऊन ये, आणि बाई मध्येच हं म्हणत होत्या, मध्येच क्लच अर्धा सोड म्हणत होत्या. पार्किंगवाला येऊन काचेवर टकटक करून गेला, "ताई, गाडी काढताय का? मागे लोक थांबलेत," आणि बाईंनी काच खाली करून त्याला सांगितलं की नाही हो, शिकवणी चालू आहे, अजून बराच वेळ लागेल. तो इंजिन बंद असलेल्या गाडीकडे, तिच्या स्थिर चाकांकडे बघून बुचकळ्यात पडला आणि मागच्यांना हाताने दुसरीकडे पाठवून दिलं. समोर भिंत होती. तिच्यावर रंगही धड नव्हता, बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि दोघी तिच्याकडे बघत बोलत होत्या.